कंसातली गावे

आमच्या गावाचे नाव कंसासकट लिहावे लागते : तळेगाव (श्यामजी पंत). महाराष्ट्रात तळेगावांची वाण नाही. एक दाभाड्यांचे आहे, एक ढमढेऱ्यांचे आहे, आणि वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यात एक दशासर आहे. या गर्दीत पत्र चुकू नये म्हणून आमच्या वाट्याला श्यामजी पंत आले आणि कंसात बसले. नागपूर-अमरावती महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला हे गाव चहाच्या थांब्यापुरते, नाहीतर आर्वीकडे वळणाऱ्या रस्त्यापुरते ठाऊक असते. या शतकात महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कंत्राटाच्या कागदांत ‘तळेगाव-अमरावती’ असा एक टप्पा नोंदला गेला. त्या कागदांत कंस नव्हता. रस्त्याला गाव कुणाचे याच्याशी कर्तव्य नसते.

आमचे तालुक्याचे ठिकाण आष्टी. तेही कंसासकट लिहितात : आष्टी (शहीद). बीड जिल्ह्यातल्या आष्टीशी घोळ होऊ नये ही त्यातली सोय खरी. पण हा कंस सोयीपेक्षा मोठा आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, येथल्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे पडली. त्या दिवसाने गावाच्या नावात कायमची जागा घेतली.

तिसरा कंस महसुली कागदांत भेटतो. आमच्याकडच्या गावांच्या याद्या वाचत गेले की काही नावांपुढे (रिठी) असा शब्द येतो. रिठी म्हणजे उठलेले गाव. त्याला शीव असते, सातबारा असतो, तलाठ्याच्या दप्तरात त्याचे पान असते. तिथे माणूस तेवढा राहत नाही. गाव कधी दुष्काळाने उठते, कधी पटकीने, कधी पेंढाऱ्यांच्या धाकाने, कधी नुसते पाणी आटले म्हणून. मागे उरते ती पांढरी मातीची एक उंचवटी, एखादे चिंचेचे झाड आणि शेंदूर फासलेला दगड.

पहिल्या कंसात माणूस आहे, दुसऱ्यात प्रसंग आहे आणि तिसऱ्यात केवळ अभाव. वारसा, संरक्षण, जतन हे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले तेव्हा आम्हांलाही आनंद झाला. पण त्या दिवसांत आमचे मन वारंवार या तिसऱ्या कंसाकडे जात होते. त्याचे कारण आमच्या घराची एक भिंत.

*

आमचे जुने घर मातीचे. वर कवेलू, पुढे छपरी, मागे सांदवाडी. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात सांदवाडीकडची भिंत रात्रीतून बसली. कुणाला इजा झाली नाही. सकाळी गावातले एक वयस्कर मिस्त्री पाहायला आले. त्यांनी पडलेल्या मातीचा एक ढेकूळ उचलला, बोटांनी चुरला आणि म्हणाले, “गुरुजी, हे पांढरीची माती हाय जी. आता असी माती भेटत नाही. तुमच्या आज्यानं रिठीवरून आनली असन.”

त्यांचे म्हणणे खरे होते. आजोबांनी घर बांधले त्या वर्षी कित्येक आठवडे बैलबंड्या रिठीवर जात होत्या, ही गोष्ट आम्ही आईच्या तोंडून अनेकदा ऐकली होती. घरात ती कर्तबगारीची गोष्ट म्हणून सांगितली जाई. पांढरीची माती चिकट, तिला वाळवी लागत नाही, ती पावसात लवकर विरघळत नाही, असे जुने लोक मानत. आमच्याकडे काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे माणसांनी चुली पेटवल्या, राख टाकली, जनावरे बांधली, भिंती घातल्या आणि त्या पडल्या, की जी माती तयार होते ती पांढरी. म्हणजे पांढरीची माती ही माती नव्हेच, ती मुरलेली वस्ती असते.

ढिगाऱ्यात खापरे होती. लहानपणी त्या भिंतीचा पोपडा निघाला की आतून खापरे डोकावत आणि आम्ही ती लगोरीसाठी काढून घेत असू. आता एकदम टोपलीभर मिळाली. बरीचशी साधी, तांबडी, जाडी. पण काही पातळ, गुळगुळीत, आतून काळी आणि बाहेरून लाल. पुरातत्त्वाचा रीतसर अभ्यास केलेले आमचे एक स्नेही नागपूरला असतात. ती खापरे वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. मनात, खोटे कशाला सांगा, थोडा अभिमान होता.

त्यांनी एकेक खापर खिडकीपाशी नेऊन पाहिले. मग विचारले, “कुठल्या थरात मिळाली?”

“भिंतीत,” आम्ही म्हणालो.

ते हसले नाहीत. म्हणाले, “मग ही आता फक्त खापरे आहेत. काळ्या-तांबड्या भांड्यांची परंपरा विदर्भात फार लांब आहे. याच्या खाली काय होते, वर काय होते, शेजारी चूल होती की हाडे, हे ठाऊक असते तर यांनी साक्ष दिली असती. तुमच्या आजोबांनी साक्षीदार आणला, पण त्याची जीभ तिकडेच राहिली.”

परतीच्या बसमध्ये आम्ही ते पुडके मांडीवर घेऊन बसलो होतो. वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्ही हेच तर सांगत आलो होतो. एखादी ओवी कितीही सुंदर असो. ती कोणत्या पोथीत, कोणत्या ओवीनंतर, कोणत्या लेखकूच्या हातची, हे कळल्याखेरीज तिच्यावरून कवीचा काळ ठरवू नये. मागचापुढचा संबंध सुटला की ओवी सुभाषित होते, पुरावा राहत नाही. जे आम्ही पोथीच्या बाबतीत पापासारखे मानत होतो, ते आमच्या घराने मातीच्या बाबतीत केले होते. आणि त्या भिंतींच्या आडोशाला बसून आम्ही पाठभेदांवर टिपणे काढली होती.

*

आमच्या घराचे काही विशेष नाही, हे पुढे वाचत गेल्यावर कळले. वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात, कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून मराठी माणूस ते ओळखतो. एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या वर्षांत तेथे मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी राज्य शासनाच्या वतीने उत्खनन केले आणि १९६८ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. महापाषाणकाळापासून सातवाहनांपर्यंतच्या आणि त्यानंतरच्याही वस्तीचे अवशेष त्या पांढरीत निघाले. इकडे पवनारला १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी खणले. वासुदेव विष्णु मिराशींनी वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी पवनारच्या जागी मानली होती. त्याच पवनारला धाम नदीकाठच्या आश्रमात शेतीसाठी खणताना विनोबांना भरत-रामाच्या भेटीची मूर्ती सापडली. ती वस्तुसंग्रहालयात गेली नाही. आश्रमातच राहिली, तिची पूजा सुरू झाली. एकाच गावाच्या मातीतून अहवालही निघाला आणि देवही निघाला.

मात्र कुदळीने काढलेल्या थरांची नोंद होते. बैलबंडीने नेलेल्या थरांची होत नाही. पांढरीची माती भिंतींसाठी, धाब्यांसाठी, कधी खत म्हणून शेतात टाकण्यासाठी खेड्याखेड्यांतून उचलली गेली. हे लुटारूंनी केले नाही, परक्यांनी केले नाही. ज्यांना घर हवे होते त्यांनी केले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याहून वेगळे घडलेले नाही. उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात कार्थेज आहे. रोमनांनी ते इसवी सनापूर्वी १४६ साली उद्ध्वस्त केले आणि पुढे त्याच जागी आपले शहर वसवले. तेही पडल्यावर त्याचे दगड आसपासच्या वस्त्यांनी शतकानुशतके वाहून नेले. कैरुआनच्या थोरल्या मशिदीतले खांब पाहावेत : कार्थेजचे आणि इतर रोमन नगरांचे कितीतरी खांब तिथे ओळीने उभे आहेत, एकाचे शीर्ष दुसऱ्यासारखे नाही. एल् जेमचे तिसऱ्या शतकातले प्रचंड रंगमंडळ असेच गावाला दगड पुरवीत राहिले. पुढे १९७२मध्ये युनेस्कोने कार्थेज वाचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम हाती घेतली. १९७९मध्ये कार्थेज आणि एल् जेम जागतिक वारशाच्या यादीत आले. १९८८मध्ये कैरुआनही आले. म्हणजे ज्या नगरीचे खांब नेले ती संरक्षित, आणि ज्या मशिदीत ते नेले तीही संरक्षित. यात विसंगती नाही. वस्तू नेल्याने एक जागा मोडली आणि दुसरी घडली. काळाने दोन्हींवर सही केली.

तरीही कैरुआनच्या खांबात आणि आमच्या भिंतीत एक फरक आहे. खांबाला आपण परका आहोत हे लपवता येत नाही. त्याचा घाटच सांगतो की मी दुसरीकडून आलो आहे. आमच्या भिंतीने मात्र शेण-मातीच्या सारवणाखाली सगळे झाकून टाकले होते. पापाची नव्हे, पण ऋणाची खूण पुसली गेली होती.

*

आष्टीला आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो ते त्यानंतर. तेथे दोन मकबरे शेजारी शेजारी उभे आहेत. जहांगीर बादशहाच्या काळी आष्टी, आमनेर, पवनार हा मुलूख महंमदखान नियाझी या अफगाण सरदाराला जहागिरीत मिळाला. त्याने आष्टी पुन्हा वसवली, आसपासची पडीक जमीन लागवडीखाली आणली. १६२७ साली तो वारला. त्याच्या कबरीवर मोगल धाटणीचा मकबरा उभा राहिला. पुढे अहमदखानासाठी तसाच दुसरा उभारला गेला, पण आकाराने लहान आणि कारागिरीने उणा. दोन्ही एकत्र पाहिले की पंचवीसेक वर्षांत घराण्याची गंगाजळी आणि हात कसे आखडत गेले ते बांधकामच सांगते. मुलांना आम्ही म्हणालो, हे दोन खंडकाव्यांसारखे वाचा. दुसऱ्याला पहिल्याची आठवण आहे, पण दम नाही.

बोलता बोलता आम्ही संरक्षित स्मारकांच्या कायद्याकडे वळलो. आपल्याकडे केंद्राचा कायदा १९५८चा, राज्याचा १९६०चा. केंद्र-संरक्षित स्मारकांसाठी २०१०च्या दुरुस्तीने भोवतालचे शंभर मीटर बांधकामाला प्रतिबंधित केले आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित. स्मारकाची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. संरक्षित जागी लावलेली निळी पाटी सर्वांनी पाहिलेली असते. आम्ही त्या पाटीकडे साहित्यकृती म्हणून पाहायला सांगितले. तिचा नायक कोण? वास्तू बांधणारा नव्हे, तिथे राहिलेला नव्हे, तर ती बिघडवणारा! पाटीचा सगळा भर त्याच्यावर. त्याला काय शिक्षा होईल हे तपशीलवार. इथे काय घडले याबद्दल बहुधा मौन. मुले हसली. आम्हांलाही आपले बोलणे जरा चमकदार वाटले असावे.

तेव्हा मागे उभा असलेला एक मुलगा म्हणाला, “सर, रिठीवर असा बोर्ड लागला तर आमच्या वावराचं काय होईन?”

तो रिठीलगतच्या शेतकऱ्याचा मुलगा. आजोबांच्या बैलबंड्या जिथून माती आणीत, त्या उंचवट्याचा उरलेला तुकडा याच्या वडिलांच्या शेतात येतो. त्या उन्हाळ्यात तो सपाट करून तिथे विहीर खणायची असे घरात ठरत होते. संत्र्याची झाडे पाण्यावाचून वाळत होती. मुलाच्या प्रश्नात उर्मटपणा नव्हता, भीती होती. आम्ही ज्या भिंतीच्या आड लहानाचे मोठे झालो ती भिंत त्याच उंचवट्याची होती. आमच्या घराने पोटभर घेतले आणि आता उरलेल्या घासावर पाटी लावा म्हणून आम्ही सांगणार, हे न्यायाचे होते काय?

त्याला आम्ही तिथे काही उत्तर दिले नाही. परतताना जीपमध्ये सगळे गप्प होते. २०११ साली हंपीच्या बाजारातली घरे आणि दुकाने हटवली गेली, ते छायाचित्र आम्हांला आठवत होते. दगड राखायचे म्हणून त्या दगडांत राहणारी माणसे उठवायची, म्हणजे रिठी करण्याचाच एक सुसंस्कृत प्रकार. दुसरीकडे, काहीच न करता बसावे तर एका दुपारी यंत्र येईल आणि दोन हजार वर्षांचे, किंवा दोनशे वर्षांचे, जे काय असेल ते, मागचापुढचा संबंध सोडून नाल्याकाठी पसरले जाईल. मग खापरे उरतील आणि लगोरी.

*

उत्तर शेवटी शोधावे लागले ते आमच्याच विषयात, आणि ते नदीच्या पलीकडे होते. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर. गोविंदप्रभूंचे गाव, म्हाइंभटांनी लीळाचरित्र जिथे सिद्ध केले ते गाव. आज तिथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे आणि ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा या गावाचे नाव बऱ्याच भाषणांत आले. आम्ही मात्र तिथे गेलो ते एका रुक्ष ग्रंथाच्या ओढीने.

‘स्थानपोथी’ आमच्या अभ्यासक्रमात कधी धड शिकवली गेली नाही. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली आहे, पण विद्यार्थी तिला वळसा घालून लीळाचरित्राकडे जातात, आणि आम्हीही जाऊ देत आलो. दोष त्यांचा नाही. चौदाव्या शतकातल्या या ग्रंथात गोष्ट नाही, दृष्टांत नाही, अलंकार नाही. चक्रधर आणि गोविंदप्रभू जिथे जिथे बसले, निजले, जेवले, फिरले, त्या जागांची ती नोंद आहे. देऊळ कोणत्या मुखाचे, त्याच्या कोणत्या दिशेला विहीर, कुठे चौक, कुठे भिंत, त्या सगळ्यांत स्वामींची बसण्याची जागा नेमकी कुठे : अशी पानेच्या पाने. एखाद्या मोजणीदाराने लिहावे तशी.

या मोजणीमागे एक श्रद्धा आहे. महानुभावांनी वंदनीय मानलेल्या गोष्टी चार : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. ईश्वराचा स्पर्श झालेली जागा, स्पर्श झालेली वस्तू, त्याच्या वाटेने निघालेला माणूस आणि त्याची ओढ असलेला माणूस. आमच्या कायद्याला पहिल्या दोन गोष्टी समजतात. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात तर पंचाहत्तर वर्षांच्या हस्तलिखितालाही जागा आहे. पण जागा आणि वस्तू यांच्या ओळीत माणसे बसवावीत, तीही जतनाच्याच गोष्टी मानावीत, हे महानुभावांना सातशे वर्षांपूर्वी सुचले. जागा राहिली आणि तिथे काय झाले हे सांगणारा गेला, तर उरतो तो नुसता ओटा.

याची किंमतही त्यांनी मोजली आहे. म्हाइंभटांनी साक्षीदारांना भेटून, विचारून, पडताळून आठवणी गोळा केल्या. परंपरा सांगते की त्यांची मूळ पोथी यादवांच्या पडत्या काळातल्या स्वाऱ्यांत हरवली आणि मग ज्यांना ज्या लीळा पाठ होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या. म्हणून लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ झाले. १९७८ साली कोलते यांची संहिता प्रसिद्ध झाली तेव्हाही पाठांचे प्रश्न मिटले नाहीत, वाद थेट न्यायालयापर्यंत गेले. इमारत पडली, पण दगड कुठे होते हे माणसांना ठाऊक होते. त्या ठाऊकपणातून ती पुन्हा उभी राहिली, थोडी वेगळी, थोडी वाकडी.

आणि संरक्षणाचा अतिरेकही त्यांनीच करून दाखवला. पोथ्या परक्यांच्या हाती पडून विटंबना होऊ नये म्हणून सकळ आणि तिच्यासारख्या सांकेतिक लिप्या योजल्या गेल्या. कुंपण इतके भक्कम झाले की बाहेरच्या मराठी वाचकाला आपल्याच भाषेचा पहिला गद्यग्रंथ शतकानुशतके दिसला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे दार उघडले. जे राखले ते वाचता येत नसेल तर ते राखणे अर्धेच.

रिद्धपूरच्या राजमठातून बाहेर पडताना आमच्या मनात एक साधी गोष्ट पक्की झाली. पाटी लावणे आमच्या हाती नव्हते. ती लागावी की लागू नये याबद्दल आमचे मन स्वच्छही नव्हते. पण स्थानपोथी लिहिणे आमच्या हाती होते. त्याला शासनाची परवानगी लागत नाही आणि कुणाची विहीर अडत नाही.

*

त्या मुलाच्या घरी आम्ही स्वतः गेलो. त्याच्या वडिलांशी बोलणे सोपे नव्हते. बाजेवर बसवून, चहा देऊन त्यांनी विचारले, “गुरुजी, तिथं धन हाय का?” नाही म्हणून सांगितले. “मंग सरकार घेईन का?” आम्ही म्हणालो, “आम्ही घेणारे नाही, आणि घ्यायला सांगणारेही नाही. आमच्या आजोबांनी तिथूनच माती नेली. आता जेवढे उरले ते लिहून ठेवायचे आहे.” आजोबांचे नाव काढताच त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांच्या आजोबांनीही नेली होती. त्यांच्या घराची मागची भिंत त्याच मातीची होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचसहा मुले आणि आम्ही रिठीवर सकाळच्या गारव्यात जात असू. खणायचे नाही, उचलायचे नाही, हा पहिला नियम. खणणे हे ज्यांना थर वाचता येतात त्यांचे काम. आम्ही पावलांनी मोजत होतो. चिंचेपासून दगडापर्यंत किती पावले, उंचवट्याची कड कोणत्या दिशेला तुटली आहे, तुटल्या कडेत राखेचा पट्टा कुठून कुठे दिसतो, जात्याचा तुकडा कुठे पडला आहे. मुलींनी गावातल्या म्हाताऱ्यांना गाठले. कोणाच्या आजोबांनी कोणत्या बाजूने माती काढली, कोणाच्या लग्नाच्या वर्षी, ती कोणत्या घराला लागली, ही यादी त्यांनी केली. एका आजींनी सतरा घरे सांगितली. त्यांतली काही आता सिमेंटची झाली आहेत. त्या यादीत आमचे घर तिसरे आहे.

नागपूरच्या स्नेह्यांना ती वही दाखवली. ते बराच वेळ वाचत बसले आणि म्हणाले, “ही शास्त्रीय नोंद नव्हे. पण उद्या कुणी शास्त्र घेऊन आला तर त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.” रीतसर कळवायचे ते संबंधित खात्याला कळवावे, असेही त्यांनी सांगितले. मुलाच्या वडिलांना विचारून आम्ही तसे पत्र पाठवले. पाठवण्याआधी ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली : दगडाचा उल्लेख आम्ही ‘शेंदूर लावलेली शिळा’ असा केला होता, तिथे देवीचे नाव घालावे. आम्ही घातले.

विहीर झाली. ती उंचवट्यावर नव्हे, धुऱ्याच्या खालच्या अंगाला खणली. पाणी तिकडेच लवकर लागेल असे पाणाड्याने सांगितले होते. आमच्या वहीचा त्यात वाटा किती हे आम्ही विचारले नाही. उंचवटा अजून आहे. उद्या राहील असा कोणताही कागद आमच्याजवळ नाही.

आमची भिंतही झाली, विटांची आणि सिमेंटची. मातीची पुन्हा घालावी असे मनात येऊन गेले, पण मातीची भिंत ही दर वर्षी हात मागणारी गोष्ट. सेवाग्रामच्या बापू कुटीसारख्या मातीच्या घरांना सतत सारवणाऱ्या हातांनीच उभे ठेवले आहे. आमच्या घरात आता ते हात नाहीत. पडलेली पांढरी आम्ही सांदवाडीच्या कोपऱ्यात रचून वर कवेलू घातले आहेत. मिस्त्रींना ते चमत्कारिक वाटले. “फेकाची नाही, वापराची नाही, मंग ठेवाची कायले जी?” असे ते म्हणाले. त्यांना पटेल असे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

खापरे टोपलीत आहेत. टोपलीवर एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर रिठीचे नाव, बैलबंड्यांनी माती कोणत्या बाजूने आणली ती दिशा, आजोबांचे नाव आणि भिंत पडली ती तारीख लिहिली आहे. नावापुढचा कंस आम्ही तसाच ठेवला, त्यात काय होते ते मात्र खाली चार ओळींत लिहिले. नव्या वर्षी पाठचिकित्सेचा पहिला तास घेताना आम्ही ती टोपली वर्गात नेली आणि आधी चिठ्ठी वाचली. खापरे मग काढली.